फोन ज्याचा, बोट त्याचे : वाचनालयातील मोबाइल मदत-मेजाच्या नोंदी

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

कार्यकारी मंडळाने मान्यता दिल्यानुसार आजपासून वृत्तपत्र विभागाच्या शेजारी मोबाइल मदत-मेज सुरू केले. रविवारी सकाळी आणि गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे ज्येष्ठ सभासद पेपर वाचायला येतात ती वेळ धरून, आम्ही काही स्वयंसेवक येथे बसणार आहोत. कामाचा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला : फोन ज्याचा, बोट त्याचे. मदत करणाऱ्याने तोंडी सांगावे, हवे तर कागदावर काढून दाखवावे, परंतु पडद्यावरचे बटण फोनच्या मालकानेच दाबावे. यात वेळ जास्त जातो हे मान्य आहे. पण जी सोय दुसऱ्याने सुरू करून दिली ती बंद करायची वेळ आली की माणसाला पुन्हा कोणाच्या तरी दारात जावे लागते, आणि ते दार दर वेळी भल्या माणसाचेच असेल याची खात्री नसते. शिवाय या नियमामुळे कोणाचाही पिन किंवा पासवर्ड स्वयंसेवकाच्या नजरेस पडत नाही.

आज बहुतेकांचे प्रश्न यूपीआयचे होते. २०१६ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था आता भाजीवाल्यापासून एसटी वाहकापर्यंत पोहोचली आहे. तरीही पिन नेमका कधी लागतो हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नाही. पिन पैसे देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. "पैसे जमा होण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" असे कोणी म्हणाले, तर तेथेच फोन ठेवून द्यावा. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने याच महिन्याच्या १ तारखेपासून बंद केली आहे. लष्करात असून बदली झाल्याचे सांगून जुने फर्निचर विकत घेणारे भामटे याच सोयीच्या आडून पैसे काढत असत. दुकानदाराकडून येणारी मागणी मात्र चालू राहिली आहे, त्यामुळे पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचे नाव आणि रक्कम वाचण्याची सवय सोडून चालणार नाही.

ज्यांचा रोजचा खर्च दूध, रिक्षा, चहा एवढाच आहे त्यांना यूपीआय लाइटचा पर्याय समजावला. यात जास्तीत जास्त ५,००० रुपये वेगळे काढून ठेवता येतात आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. याचा खरा लाभ असा की बाजारातल्या गर्दीत दिवसभर पिन टाकावा लागत नाही. फोन हरवला तर ती वेगळी काढलेली रक्कम धोक्यात येऊ शकते, म्हणून त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवावेत, असे माझे मत आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

विंडोज १० या संगणक-प्रणालीला कंपनीकडून मिळणारा आधार परवा, १४ ऑक्टोबरला, संपला. संगणक बंद पडणार नाहीत, परंतु सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप मिळणार नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ घेता येते. आपल्या हिशेबाचा संगणक विंडोज ११ ला पात्र असल्याने तो आज त्या प्रणालीवर नेला. वाचकांसाठीच्या जुन्या संगणकात त्यासाठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही. यंत्र धडधाकट असताना केवळ या कारणाने ते भंगारात देणे मला पटत नव्हते, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली बसवली. ब्राउझर, छपाई आणि इनस्क्रिप्ट कळपाटावरील मराठी टंकलेखन हे तिन्ही नीट चालते.

हे काम करताना पुस्तकांची जुनी यादी उघडली, तेव्हा ती युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धत, येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली असल्याचे लक्षात आले. तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळी नावे निरर्थक खुणांसारखी दिसतात आणि फोनवर त्यात काही शोधताही येत नाही. ती यादी युनिकोडमध्ये आणण्याचे काम ग्रंथपालांनी अंगावर घेतले आहे. ज्यांच्या घरी वडिलांचे लेख, वंशावळ किंवा सोसायटीची इतिवृत्ते अशा जुन्या फाँटमध्ये पडून आहेत, त्यांनी तो फाँट उघडणारा संगणक चालू आहे तोवरच रूपांतर करून घ्यावे.

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

दिवाळी झाली. भाऊबीजेला मिळालेले नवे फोन घेऊन बऱ्याच भगिनी आल्या. जुन्या फोनमधील संपर्क, छायाचित्रे आणि व्हॉट्सॲपचे संवाद नव्यात नेणे हे त्यांचे पहिले काम. येथे एक गोष्ट वारंवार सांगावी लागली : गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे, आणि आता अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच जागेतून जातो. रोज येणारी सुप्रभाताची चित्रे आणि चलचित्रे आपोआप उतरत राहिली की ही जागा भरते, मग बॅकअप थांबतो, आणि नातवाच्या बारशाचे फोटो नव्या फोनवर येत नाहीत. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रे आपोआप उतरवणे बंद करणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे आणि तो फोन घेतल्याच्या दिवशीच करावा.

जुना फोन कोणाला द्यायचा असेल तर सर्व मजकूर हलवल्याची खात्री करून आधी त्यातून खाती काढावीत, मग फॅक्टरी रीसेट करून तो कोरा करावा. नव्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, मिळवण्यासाठी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली की तो पडद्यावर येतो. तो घरातल्या वहीत, रेशनकार्डाच्या शेजारी, लिहून ठेवायला सांगितले. फोन चोरीला गेल्यावर हा क्रमांक फोनमध्येच असून उपयोग नसतो.

त्यानंतर व्हॉट्सॲपचा सहा अंकी दुहेरी पडताळणी पिन. हा लावलेला असेल, तर कोणी गोड बोलून आपल्याकडून एसएमएसवर आलेला अंक काढून घेतला तरी त्याला आपले खाते लगेच ताब्यात घेता येत नाही. एका काकूंनी जन्मसाल दोनदा जोडून काहीतरी करू का, असे विचारले. त्याऐवजी माहेरच्या घरासंबंधीचा, फक्त त्यांनाच ठाऊक असलेला आकडा घ्यायला सुचवले. तो कोणता हे आम्ही विचारले नाही.

पासकी या नव्या पद्धतीबद्दलही आज बोललो. पासवर्ड लक्षात ठेवण्याऐवजी फोनच्या कुलपाने, म्हणजे बोटाने, चेहऱ्याने किंवा पडद्याच्या पिनने, खाते उघडते. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही. फोन केवळ एक गुप्त चावी वापरून समोरच्या संकेतस्थळाला स्वतःची ओळख पटवतो. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाब अशी की ही चावी फक्त खऱ्या संकेतस्थळासाठीच चालते. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानाला माणूस फसतो, पासकी फसत नाही. नवे तंत्रज्ञान म्हणून जे जे कानावर पडते त्यात सामान्य माणसाच्या डोक्यावरचा भार खरोखर उतरवणारे फार थोडे असते, त्यात मी हिला वरचे स्थान देतो. अट एकच : फोनचे कुलूप पक्के हवे आणि ते घरातल्या प्रत्येकाला माहीत नसावे.

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी द्यायच्या हयातीच्या दाखल्याचा महिना सुरू झाला. आज मेजाभोवती बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक अण्णा दोन ठिकाणी ठसा देऊन परत आले होते. आयुष्यभर पाना आणि लोखंड हाताळल्याने बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत आणि यंत्र ठसा घेत नाही. त्यांना चेहऱ्यावरून दाखला काढण्याची सोय असल्याचे कोणी सांगितले नव्हते. ही सोय २०२१ पासून आहे. त्यासाठी फोनवर दोन ॲप लागतात : चेहरा ओळखणारे आधार फेस आरडी आणि प्रत्यक्ष दाखल्याचे जीवन प्रमाण. यात आधी ऑपरेटरची नोंद करावी लागते, म्हणजे ज्याच्या हाती फोन आहे त्याने स्वतःची आधार-पडताळणी करायची; निवृत्तिवेतनधारक स्वतःच स्वतःचा ऑपरेटर होऊ शकतो. आमच्या नियमाला हे अगदी जुळणारे असल्याने अण्णांनाच दोन्ही टप्पे पार करायला सांगितले.

पहिल्या प्रयत्नात चेहरा घेतला गेला नाही, कारण त्यांच्या पाठीमागे खिडकी होती आणि चेहरा काळोखा दिसत होता. खुर्ची फिरवून उजेड समोरून येईल असे बसवले, चष्मा काढायला लावला, फोन डोळ्यांच्या रेषेत धरायला सांगितला. पडद्यावर डोळ्यांची उघडझाप करण्याची सूचना आली. तेवढी उघडझाप झाली आणि चेहरा स्वीकारला गेला. नंतर पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा, क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक त्यांनी पासबुकावरून एकेक अंक मोठ्याने वाचत भरला. काही वेळाने प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस आला. अण्णांनी तो मला न दाखवता आधी पत्नीला फोन करून सांगितला.

येथे तीन बाबी नोंदवून ठेवतो, कारण त्या दर वर्षी लागतील. पहिली, दाखला तयार होणे आणि तो स्वीकारला जाणे यांत फरक आहे. क्रमांक चुकला असेल तर दाखला नाकारला जाऊ शकतो, म्हणून काही दिवसांनी त्याची स्थिती तपासावीच. दुसरी, भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील निवृत्तांना नोव्हेंबरचीच सक्ती नाही. त्यांनी दाखला वर्षात कधीही द्यावा, तो दिल्यापासून बारा महिने चालतो. तरीही हे लोक दर नोव्हेंबरला रांगेत उभे राहतात, कारण शेजारचा सरकारी निवृत्त उभा असतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. तिसरी, ज्यांनी आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद केले आहे त्यांचा चेहराही त्या कुलपात जातो. दाखल्यापुरते ते तात्पुरते उघडावे लागते. एका निवृत्त तलाठीसाहेबांचे काम याच कारणाने अडले होते आणि त्यांना फोनचा कॅमेराच खराब वाटत होता.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन अल्प शुल्कात हेच काम करून देतो. आपल्या भागातील पोस्टमनशी ग्रंथपालांनी बोलून ठेवले आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

आज फक्त बँकांच्या पत्त्यांचे काम. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे "डॉट बँक डॉट इन" या शेवटावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली होती. हा शेवट नोंदणीकृत बँकांनाच मिळतो, त्यामुळे खरे-खोटे ओळखण्याची एक बरी खूण हाती आली आहे. सभासदांना पासबुकावर छापलेला पत्ता आणि ब्राउझरमध्ये जतन केलेला पत्ता ताडून पाहायला लावला व नवा पत्ता जतन करून घेतला. गूगलवर बँकेचे नाव शोधून आलेल्या पहिल्या दुव्यावर जाणे, आणि विशेषतः तेथे दिसणाऱ्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करणे, कायमचे सोडावे. क्रमांक एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो.

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण असा प्रकार पुन्हा होणार आहे.

जवळच्या गावातील एका दूध उत्पादकाच्या व्हॉट्सॲप गटात वाहनाच्या दंडाची म्हणून एक फाइल आली. पाठवणारा ओळखीचा होता. प्रत्यक्षात त्याचा फोन आधीच ताब्यात गेला होता आणि फाइल त्याच्या नकळत पुढे जात होती. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे होती. एपीके म्हणजे कागद नव्हे, ते अँड्रॉइडचे ॲप आहे. दंडाची पावती, लग्नाची पत्रिका, बँकेची केवायसी, वीजबिल यांपैकी काहीही एपीके स्वरूपात येण्याचे कारण नाही. या उत्पादकांनी ती उघडली, अनोळखी स्रोतावरून ॲप बसवण्यास परवानगी दिली, आणि नंतर त्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली तीही दिली. ही शेवटची परवानगी हीच सगळ्याची मेख. एकदा ती मिळाली की बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी भामट्याला वाचता येतो.

ते आले तेव्हा खात्यातून काही गेले नव्हते, पण फोन तापत होता आणि न पाठवलेले संदेश गेलेले दिसत होते. क्रम असा ठेवला. प्रथम त्यांनी फोन विमान मोडवर टाकला आणि वायफाय बंद असल्याची खात्री केली. दुसऱ्या फोनवरून त्यांनी बँकेला सांगून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवले. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू केला. या अवस्थेत बाहेरून बसवलेली ॲप चालत नाहीत. सेटिंगमध्ये डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन ठिकाणी त्या ॲपने मिळवलेले अधिकार काढले, कारण ते असेपर्यंत ॲप काढताच येत नव्हते. नंतर ॲप काढले. कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर तेही रद्द व्हावेत म्हणून, नेटवर्क सुरू केल्यावर लगेच हॅश, हॅश, शून्य, शून्य, दोन, हॅश हा संकेत डायल करायला लावला. व्हॉट्सॲपमधील जोडलेली उपकरणे पाहिली आणि अनोळखी होती ती बाहेर काढली. महत्त्वाची छायाचित्रे तपासून बाजूला घेऊन अखेर फोन पूर्ण रीसेट करावा, असा सल्ला दिला आणि त्यांनी तो मानला. गटातील सर्वांना त्यांनी स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. लिखित निरोपावर आता कोणी विश्वास ठेवला नसता.

पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर करायचा होता. तेथे तक्रार नोंदली की रक्कम ज्या खात्यात गेली ती बँक ती अडवून धरू शकते; पण भामटे पैसे तासाभरात पुढच्या खात्यांत फिरवतात, म्हणून येथे मिनिटांना किंमत आहे. आधी मुलाला विचारू, मग उद्या बँकेत जाऊ, या विचारात पैसे हातचे जातात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाने केलेल्या घोटाळ्यात, ग्राहकाची चूक नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले असेल, तर त्याच्यावर तोट्याचा भार येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असला तरी, कळवल्यानंतर होणारा तोटा बँकेचा असतो. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घेणे हा आपल्या हक्काचा पुरावा आहे. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून मेजावर लावले.

फसलेल्या माणसाला गावात हसतात. त्यामुळे लोक लपवतात, आणि लपवण्यात मोलाचे तास जातात. मेजावर येणाऱ्या कोणालाही "असे कसे केलेत" हा प्रश्न विचारायचा नाही, हे सर्व स्वयंसेवकांना आज पुन्हा बजावले.

गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

या आठवड्यात मोबाइल-सुरक्षेच्या संचार साथी या सरकारी ॲपवरून बरीच चर्चा झाली आणि सभासदांनी आमचे मत विचारले. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबरच्या आदेशाने प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीपासून बसवणे उत्पादकांना बंधनकारक केले होते. देशभर आक्षेप आल्यावर काल, ३ डिसेंबरला, ते बंधन मागे घेतले गेले. मला हा निर्णय योग्य वाटतो. ॲप उपयोगाचे आहे आणि म्हणूनच ते माणसाने समजून, स्वतःहून घ्यावे. शिवाय ॲप नको असेल त्याला त्याच सेवा संकेतस्थळावर मिळतात.

त्यातील दोन सेवा आज प्रत्यक्ष वापरून घेतल्या. आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत हे तेथे दिसते. एका भगिनींच्या नावावर एक परका क्रमांक निघाला. हा क्रमांक माझा नाही, असा पर्याय निवडून त्यांनी तो कळवला. आधारची छायाप्रत आपण किती ठिकाणी सहज देऊन येतो याचा हा परिणाम असू शकतो. पुढे शक्य तेथे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्यावे, ते आधारच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. दुसरी सेवा हरवलेला फोन बंद पाडण्याची. तिला पोलिसांकडील तक्रारीची प्रत आणि आयएमईआय लागतो, म्हणून हरवल्याबरोबर तक्रार नोंदवून त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे आणि मग अर्ज करावा.

दूरसंचार विभागाच्या २८ नोव्हेंबरच्याच दुसऱ्या आदेशाकडे मात्र कमी लोकांचे लक्ष गेले. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल यांसारखी ॲप ज्या क्रमांकावर नोंदलेली आहेत ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय चालू नयेत, आणि संगणकावरील जोडणी सहा तासांनी तुटावी, असे त्यात म्हटले आहे. कंपन्यांना ९० दिवसांची मुदत आहे. आमच्यापैकी अनेकांचे व्हॉट्सॲप जुन्या क्रमांकावर आहे आणि ते सिम कपाटात पडून आहे. आदेशाचे पुढे काय होते ते पाहूच, पण ज्या क्रमांकावर बँक, आधार आणि व्हॉट्सॲप आहेत तो क्रमांक चालू ठेवणे हे या आदेशाविनाही शहाणपणाचे आहे.

रविवार, १४ डिसेंबर २०२५

कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा वर्ग. जेमिनाय हे गूगलचे साधन जून २०२४ पासून भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत मिळते आणि त्याच्याशी मराठीत बोलताही येते. टंकलेखन न येणाऱ्यांना याचा फार आधार वाटतो.

एक ताई विमा कंपनीचे इंग्रजी पत्र घेऊन आल्या होत्या. फोटो काढण्यापूर्वी त्यांना वहीच्या पानाच्या दोन पट्ट्या कापायला सांगितल्या; एक पॉलिसी क्रमांकावर, दुसरी नाव-पत्त्यावर ठेवून मग फोटो घेतला. "या पत्रात मला काय करायला सांगितले आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते मराठीत सांग" असे त्यांनी बोलून विचारले. हप्ता थकल्याने पॉलिसी बंद पडण्याच्या मार्गावर आहे आणि सवलतीच्या मुदतीत भरल्यास ती चालू राहील, हा आशय नीट मिळाला. तारीख आणि रक्कम मात्र त्यांनी पुन्हा पत्रावरच बोट ठेवून वाचली. हे साधन चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगते, त्यामुळे तारीख, रक्कम, औषधाची मात्रा आणि कायद्याचे कलम या चार गोष्टी मूळ कागदावरून किंवा जाणकाराकडूनच घ्यायच्या, असे ठरवले आहे. योजनेच्या अटी विचारल्यावर मागील वर्षाची अट नव्या वर्षाची म्हणून सांगितली गेल्याचेही आज दिसले.

याच तंत्राने आवाजाची नक्कल करणे आता अगदी सोपे झाले आहे. समाजमाध्यमावर टाकलेल्या छोट्याशा चित्रफितीतून मुलाचा आवाज उचलून आईला फोन केला जातो : अपघात झाला आहे, लगेच पैसे पाठव. असा फोन आल्यावर तो बंद करून मुलाच्या जतन केलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. प्रत्येक घराने एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवावा, ज्याचे उत्तर समाजमाध्यमावर कुठेही नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून "डिजिटल अटक" झाल्याचे सांगणाऱ्यांबाबतही बोललो. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्येही हे स्पष्ट केले होते. कोणताही पोलीस अधिकारी चौकशीसाठी कॅमेरा चालू ठेवून खोलीत कोंडून बसायला सांगत नाही आणि तपासासाठी पैसे वळते करायलाही सांगत नाही. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी हे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे माझ्या बहिणीला तुम्ही सांगा, माझे ती ऐकणार नाही." पुढच्या रविवारी त्या तिला घेऊन येतील.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

दूरसंचार नियामकाच्या निर्देशानुसार आजपासून व्यापारी बँकांनी सेवाविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायचे आहेत. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होतात. याचा वापर उलट बाजूने करावा : बँकेचा म्हणून आलेला फोन साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून असेल, तर तो बँकेचा नाही असे धरून चालावे. १६०० वरून आला म्हणून ओटीपी सांगावा असा मात्र याचा अर्थ नाही. एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी आता पी, एस, टी किंवा जी यांपैकी एक अक्षर येते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकार. सर्वांनी आपापल्या फोनमधील जुने संदेश उघडून ही अक्षरे शोधली.

रविवार, ११ जानेवारी २०२६

"एप्रिलपासून ओटीपी बंद" असा निरोप गटागटांतून फिरत असल्याने आज त्यावर बोलावे लागले. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू होणार आहेत. व्यवहाराला दोन प्रकारची पडताळणी हवीच, परंतु ती एसएमएसवरील ओटीपीनेच व्हावी असे नाही, बोटाचा ठसा किंवा फोनमधील चावीही चालेल, असा त्यांचा आशय आहे. एसएमएस ओटीपी त्यामुळे बंद होत नाही. यूपीआयमध्ये ५,००० रुपयांपर्यंत बोटाने किंवा चेहऱ्याने व्यवहार करण्याची सोय ऑक्टोबरमध्येच जाहीर झाली आहे. ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांनी चेहऱ्याचा पर्याय किंवा पिनच ठेवावा. कोणतीही एक पद्धत सर्वांवर लादली जाऊ नये, हे मत आम्ही सभासदांच्या सह्यांसह येथील बँक शाखेला लेखी कळवत आहोत. मसुदा तयार आहे, गुरुवारी मेजावर सह्यांसाठी ठेवू.